मराठी टायपिंग आणि गेमिंग, दोन्हीसाठी एकच मेकॅनिकल कीबोर्ड: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छापखान्यात मी डीटीपी करतो. लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं, हँडबिलं, मंडळांचे अहवाल. सोलापुरात पत्रिकांचं काम म्हटलं की मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा आल्या, कधी कधी एकाच दिवसात. रात्री जेवण झालं की मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम. कीबोर्ड मात्र एकच, सकाळी पिशवीत घालून नेतो, संध्याकाळी परत आणतो. तेव्हा हा अनुभव दोन्ही बाजूंनी घासूनपुसून घेतलेला आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच रचनेचे बोर्ड आज बऱ्याच नावांनी मिळतात आणि मला बोलायचंय ते रचनेबद्दल: ७५ टक्के आकार (नंबरपॅड नाही, एफ-बटणं आहेत), वायरचा, हॉट-स्वॅप म्हणजे प्रत्येक बटणाखालचा स्विच सोल्डरिंग न करता काढता-घालता येणारा, आणि क्यूएमके-व्हाया, म्हणजे बटणांची कामं हवी तशी बदलू देणारं सॉफ्टवेअर, चालणारा. मला आठ हजारांच्या आसपास पडला.

कीबोर्डचे जेवढे रिव्ह्यू पाहिले, ते सगळे इंग्रजी टाइप करणाऱ्या हाताचे होते. इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड लेआउटवर, मराठी टाइप करणारा हात फार वेगळा चालतो, आणि कुठला बोर्ड घ्यायचा, त्यात कुठले स्विच घालायचे, हे त्यावरून ठरवायला हवं. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

गेममध्ये चालायची बटणं डब्ल्यू, ए, एस, डी. इनस्क्रिप्टमध्ये त्याच चार बटणांवर काय आहे? ऐकाराची मात्रा, ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा आणि हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण. म्हणजे दिवसभर मराठीत भरपूर बडवली जाणारी बटणं आणि रात्री गेममध्ये बडवली जाणारी बटणं जवळपास तीच. डीवर तर जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराला बोट जातं. बोर्डासोबत आलेले एबीएस प्लास्टिकचे कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, याच जागी आधी गुळगुळीत होऊन चकाकायला लागले. उजवीकडची बटणं अजून कोरी दिसत होती. नंतर पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचे घातले. ते खरखरीत राहिले आहेत आणि मे महिन्यात पारा ४३ च्या वर असताना घामेजलेलं बोट त्यांच्यावरून सटकत नाही. नवीन घेणाऱ्याने पहिला जास्तीचा खर्च करायचा तर पीबीटीवर करावा.

आता स्विच. बोर्डात लाल लिनियर, म्हणजे मध्ये न अडता सरळ खाली जाणारे, होते, दाब साधारण ४५ ग्रॅम. गेमला उत्तम. मराठीला हलके पडतात. बोट डीवर नुसतं विसावलं तरी हलंत उमटतो आणि ‘सकाळ’चं ‘स्काळ’ होतं. इंग्रजीत एखादं अक्षर जास्तीचं पडलं तर डोळ्याला लगेच खुपतं. मराठीत हलंत पडला की दोन अक्षरं एकमेकांत मिसळून जातात आणि प्रूफ वाचतानाही नजर वरून घसरते. पत्रिकेत वधूपित्याच्या नावात असं झालं तर सगळा गठ्ठा पुन्हा छापावा लागेल. त्यामुळे ए, एस, डी, एफ या चार जागी मी ब्राउन टॅक्टाइल स्विच घातले. त्यांना साधारण ५५ ग्रॅम दाब लागतो आणि मध्यावर एक बारीक उंचवटा बोटाला कळतो. बाकी सगळीकडे लालच ठेवले. फक्त डी बदलून चालत नाही, कारण मग गेममध्ये डावीकडे सरकणं हलकं आणि उजवीकडे सरकणं जड होतं. ए आणि डीवर सारखाच स्विच हवा. काही आठवड्यांत बोटांना याची सवय झाली, आणि चुकून पडणारे हलंत जवळजवळ थांबले. हॉट-स्वॅपचे पैसे माझ्यासाठी तिथेच वसूल झाले.

निळे क्लिकी, म्हणजे टकटक वाजणारे, स्विच मित्राचा बोर्ड आणून वापरून बघितले. बोटांना मजा येते, पण छापखान्यात फोनवर गिऱ्हाइकाकडून मुहूर्त, पत्ते, नावं उतरवून घ्यायची असतात. मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “काय रे, परत टाइपरायटर आणलास काय?” तो बोर्ड मित्राकडे परत गेला.

आकाराबद्दल नीट सांगतो, कारण इथे फसायला होतं. ६० आणि ६५ टक्क्यांचे बोर्ड दिसायला सुबक असतात, पण बहुतेकांत डाव्या कोपऱ्यात एस्केप बसवलेला असतो आणि एकाच्या आकड्याच्या डावीकडचं बटण एफएन धरूनच मिळतं. नुसतं मराठी करणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. तेलुगू-कन्नड करणाऱ्याचं अडतं. त्या भाषांत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे आहेत. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व एकाराची मात्रा झेडवर आहे आणि ऱ्हस्व ओकाराची नेमकी त्या कोपऱ्यातल्या बटणावर. ७५ टक्क्यांत एस्केप वरच्या रांगेत जातो, कोपरा मोकळा राहतो, आणि कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी लागणारी एफ-बटणंही मिळतात. नंबरपॅड नसल्याने माउसला जागा सुटते. आमचं टेबल लहान, शेजारी कटिंगचे नमुने पडलेले असतात, त्यामुळे ही जागा लाखमोलाची.

७५ टक्क्यांची खरी अडचण उजव्या शिफ्टची आहे. ती आखूड असते आणि तिला चिकटून वर जायचा बाण असतो. इंग्रजीत उजवी शिफ्ट क्वचित लागते, त्यामुळे कुणी बोलत नाही. मराठीत स्वर शब्दाच्या सुरुवातीला आला की शिफ्ट, आणि जवळजवळ सगळे स्वर डाव्या हाताकडे, म्हणजे उजवीच शिफ्ट. ‘आणि’ हा शब्द घ्या: आ म्हणजे शिफ्ट आणि ई, ण म्हणजे शिफ्ट आणि सी, मग एफवर इकार. तीनही बटणं डाव्या हाताची, उजव्या करंगळीला दोनदा शिफ्ट. करंगळी जरा घसरली की बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि ‘आ’ भलत्याच नावाच्या मधोमध जाऊन बसतो.

यावर व्हायामध्ये फार चांगला उपाय आहे. स्पेसबारच्या उजवीकडच्या आल्टला मी ‘वन-शॉट शिफ्ट’ केलं. अंगठ्याने एकदा दाबून सोडायचं, पुढचं एक अक्षर शिफ्टसह उमटतं, मग ती आपोआप सुटते. धरून ठेवायची गरज नाही. करंगळीचं सगळं काम अंगठ्याकडे गेलं आणि लग्नसराईत मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जो ठणका लागायचा तो या वेळी लागला नाही. हा बदल बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत राहतो. छापखान्यातल्या जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर काहीही इन्स्टॉल न करता तो चालतो, घरी गेमिंगच्या पीसीवरही तसाच चालतो. पिशवीतून नेणाऱ्याला याच्यापेक्षा मोठी सोय नाही.

मॅक्रोबद्दल, म्हणजे एका बटणावर अनेक बटणं साठवायच्या सोयीबद्दल, तर मी कुणालाही पकडून सांगतो. मॅक्रोला मराठी कळत नाही, त्याला फक्त बटणांची रांग कळते. पत्रिकेत शंभरदा लागणारं ‘चि. सौ. कां.’ मी एका बटणावर ठेवलंय. त्यात प्रत्यक्षात साठवलेलं आहे अर्धविरामाचं बटण, एफ, पूर्णविराम, स्पेस, एम, क्यू, पूर्णविराम, स्पेस, के, ई, एक्स, पूर्णविराम. विंडोजचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असला की ते मराठीत उमटतं. तेलुगू इनस्क्रिप्ट निवडलं की तीच रांग तेलुगू लिपीत उमटते! इनस्क्रिप्टची आखणीच तशी आहे: १९९१ च्या भारतीय मानकात हा लेआउट आहे आणि क म्हटलं की इनस्क्रिप्टमधल्या सगळ्या लिप्यांत बोट केवरच जातं. अर्थात तेलुगू पत्रिकेत वधूच्या नावाआधी ‘चि. ल. सौ.’ लिहितात, म्हणून त्यासाठी दुसरं बटण केलं. ल म्हणजे एन, बास. मला तेलुगू बोलता बऱ्यापैकी येतं, लिहिता जेमतेम. तरी या लेआउटच्या जोरावर हाताने लिहून आणलेला मजकूर बघून मी ठीक वेगाने उतरवून काढतो.

देखभाल करावी लागते, हे धरून चाला. आमच्या आजूबाजूला टेरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. हवेत सुताचा बारीक तंतू असतो आणि तो कीकॅपच्या खाली, स्विचच्या मानेभोवती जमतो. कॅप ओढून काढला की पांढरट लव दिसते. ब्लोअर मारून ती पूर्ण जात नाही, कोरडा मऊ ब्रश फिरवावा लागतो. महिन्यातून एकदा केलं की पुरतं. हा त्रास आधीच्या साध्या, रबरी पडद्याच्या मेम्ब्रेन कीबोर्डलाही होताच, पण तो उघडता येत नव्हता, बटण अडकायला लागलं की टाकून द्यायचा.

बोर्ड आला तेव्हा स्पेसबार आणि एंटर खडखड वाजत होते. ऑनलाइन विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं की हे नॉर्मल आहे. नॉर्मल नव्हतं, लांब बटणं सरळ दाबली जावीत म्हणून खाली जो स्टॅबिलायझर असतो, त्याची तार कोरडी होती. मग मीच सगळं ल्यूब केलं, म्हणजे ग्रीस लावलं. स्विच उघडला की चार भाग हातात येतात: वरचं कवच, दांडी, स्प्रिंग, खालचं कवच. ग्रीसचा हात अगदी पातळ हवा, खालच्या कवचातल्या दोन खाचांवर आणि दांडीच्या बाजूंवर, चकाकी दिसेल न दिसेल इतका. ब्राउन स्विचच्या दांडीला पुढे जे दोन पाय असतात त्यांना ब्रश लावू नये, नाहीतर तो उंचवटाच मरतो. रविवारची दुपार, बाहेर कडक ऊन, शटर अर्धं ओढलेलं आणि समोर ताटात स्विच पसरलेले: या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. आता स्पेसबारचा आवाज भरीव, ठाय येतो.

गेमिंगचं थोडक्यात. आमच्या ग्रुपमधला एक जण सारखा मागे लागतो, “काय बे, हॉल इफेक्ट घे की!” चुंबकाचे ते स्विच आणि त्यातला रॅपिड ट्रिगर, म्हणजे बटण जरा वर आलं की लगेच सुटल्याचं धरणारी सोय, मी त्याच्याकडे खेळून पाहिलेत. उलट्या दिशेचं बटण दाबून झटकन थांबताना फरक नक्की जाणवतो. पण बटण जरासं हललं तरी दाब धरायचा, हाच त्यांचा गुण, आणि हलंताच्या बाबतीत मला नेमकं तेच नकोय. टायपिंगला वेगळं प्रोफाइल ठेवता येतं, पण मग ब्राउनचा उंचवटा कुठून आणायचा? शिवाय विरुद्ध दिशांची बटणं आपोआप सांभाळणारी जी सोय त्यात असते, ती गेम बनवणाऱ्या व्हॅल्व कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली, आणि योग्यच केलं. फक्त खेळणाऱ्याने हॉल इफेक्ट जरूर घ्यावा. दिवसभर मराठी लिहून रात्री खेळणाऱ्याने घेऊ नये.

देवनागरी छापलेल्या कीकॅपची सोय अजून धड नाही. स्टिकरचे सेट मिळतात, पण आमच्या छापखान्यात नवीन शिकणाऱ्या मुलीने लावलेले एप्रिलच्या उकाड्यात गोंद सुटून बाजूला सरकले आणि कडांना धूळ चिकटली. तिला मी कागदावर लेआउट छापून मॉनिटरच्या खाली लावून दिलाय. तिलाही आता मेकॅनिकल घ्यायचाय, बजेट तीन हजार. तिला सांगितलंय की या पैशात वायरलेस आणि लायटिंगच्या नादाला लागू नकोस. वायरचा, हॉट-स्वॅप, ७५ टक्के बघ, व्हाया चालतं का ते आधी विचारून घे. चार ब्राउन स्विच माझ्याकडे शिल्लक आहेत, ते तिच्या बोर्डात मी घालून देणार आहे.