ट्रेनिंगचा उपयोग झाला का, हे कशावरून ठरवायचं?

खानापूर किंवा निपाणीकडे छोटा दवाखाना चालवताय आणि नर्सबाईंना न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास देण्याचं ट्रेनिंग दिलंय. आता ते कामी आलं का, हे तपासायचे चार मार्ग आहेत.

फीडबॅक फॉर्म सगळ्यांत स्वस्त, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोठ्या डॉक्टरांच्या हातात जाणाऱ्या कागदावर ‘मला कळलं नाही’ असं कोण लिहिणार?

ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर लेखी पेपर घेतला, तर माहिती किती वाढली ते दिसतं. मात्र मराठी शाळेत शिकलेल्या बाईंना फक्त कन्नड पेपर दिला, तर मार्क विषयामुळे गेले की भाषेमुळे, हे सांगता येत नाही. पेपर दोन्ही भाषांत काढा, नाहीतर तोंडी विचारा.

मला सर्वांत जास्त भरवसा बाळाच्या बाहुलीवर सगळं करून दाखवायच्या परीक्षेचा वाटतो. तीही ट्रेनिंगच्या संध्याकाळी नको. तीन महिन्यांनी, आगाऊ न सांगता घ्या. बाळाला पुसून कोरडं केलं का, पाठ चोळली का, तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग (तोंडा-नाकावर मास्क लावून हाताने दाबत हवा देण्याची पिशवी) सुरू केली का, हे घड्याळ लावून बघा. मास्क नीट बसला नाही की हवा कडेने निसटते आणि छाती वर येत नाही. ही चूक कुठल्याच पेपरात सापडत नाही.

राहिले मृत्यूचे आकडे. बेळगाव जिल्ह्यातच ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या नवजात बाळाला श्वास देण्याच्या ट्रेनिंगचा असा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना शिकवल्यानंतर मृतजन्म ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण मात्र हललं नाही. एवढं कळायला आधीची चार हजारांवर आणि नंतरची पाच हजारांवर बाळं मोजावी लागली. शिवाय तुलनेला ट्रेनिंग न झालेला गट नव्हता, त्यामुळे सगळी घट ट्रेनिंगचीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. महिन्याला वीस बाळंतपणं होणाऱ्या दवाखान्यात एक मृत्यू इकडेतिकडे झाला की टक्केवारी उलटीपालटी होते. त्यावरून नर्सबाईंना शाबासकीही देऊ नका, दोषही देऊ नका.

म्हणून निवड करायची तर बाहुलीची परीक्षा घ्या. पण ती फक्त जमतं का ते सांगते. खऱ्या बाळंतपणात होतं का, यासाठी लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: बाळ जन्मल्याची वेळ आणि बॅग सुरू केल्याची वेळ.