पहिला खर्डा: सलग लिहावा की प्रकरणागणिक घासावा?

ख्रिस्ती विषयावरचं मोठं पुस्तक असेल, तर मी सलग लिहिण्याच्या बाजूने आहे. बायबलमधलं वचन आठवलं की ‘रोम ३:२८, तपासणे’ (म्हणजे रोमकरांस पत्र, अध्याय ३, वचन २८) एवढंच लिहून पुढे सरकायचं. शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचल्याशिवाय पुस्तकाचं म्हणणं काय, हे लेखकालाही नीट कळत नाही. समजा, तिसऱ्या प्रकरणात विश्वासाने नीतिमान ठरण्यावर, म्हणजे माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे निर्दोष ठरतो या शिकवणीवर लिहिलं आणि ते महिनाभर घासलं. नवव्या प्रकरणात याकोबाच्या पत्रातलं वचन २:२४ समोर येतं. तिथे कर्मांवाचूनच्या विश्वासाला हरकत घेतलेली आहे. आता दोन्ही प्रकरणांची सांगड घालायची, म्हणजे तिसरं पुन्हा उघडणं आलंच. घासलेली वाक्यं मग कापवत नाहीत.

प्रकरणागणिक घासण्याचा फायदा मात्र खरा आहे. वचनाचा मागचा-पुढचा भाग वाचला की कधी कधी आपला मुद्दाच त्यावर उभा राहत नाही, आणि हे लवकर कळलेलं बरं. सलग लिहिणाऱ्याचा असा पोकळ पाया शेवटी उघडा पडतो. त्यामुळे ज्या वचनावर अख्खं प्रकरण तोललेलं आहे, तेवढं आधीच संदर्भासह वाचावं. बाकीची नंतर.

बायबलचं कोणतं भाषांतर उद्धृत करायचं, हे दोन्ही पद्धतींत सुरुवातीलाच ठरवावं. आधुनिक भाषांतरांवर बहुधा स्वामित्वहक्क असतो आणि किती वचनं विनापरवाना घेता येतील याची मर्यादा प्रकाशकागणिक वेगळी असते.

आणि प्रस्तावना? ती शेवटी लिहा.