तपकीर गल्लीतील ॲम्प्लिफायर दुरुस्ती: एक अनुभव

माझ्या गाडीतील चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आवाज थोडा वाढवला, की वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) ठोक्यासरशी बंद पडून पुन्हा सुरू होत असे. जेथून तो बसवून घेतला होता, त्या दुकानात झाकणही न उघडता ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असे सांगण्यात आले. म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात तो नेला.

तेथील कारागिराने माझ्यासमोरच झाकण उघडले. बॅटरीची तार जेथे येते, तेथील तीन कपॅसिटरांपैकी (वीज साठवून ठेवणाऱ्या भागांपैकी) एकाचा खाचा असलेला माथा फुगला होता आणि बुडाशी तपकिरी ओघळ सुकला होता. दुसरे दोन दिसायला धडधाकट होते, तरीही तेही त्याने सुटे करून ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, मोजणाऱ्या मीटरवर तपासले, तेव्हा त्यांचा रोध नव्या कपॅसिटरच्या कितीतरी पट भरला. ठोक्याच्या क्षणी लागणारा करंट हेच कपॅसिटर पुरवतात. रोध वाढला की व्होल्टेज कोसळते आणि संरक्षक सर्किट ॲम्प्लिफायर बंद करते, हे त्याने अगदी शांतपणे समजावून सांगितले.

मला सर्वाधिक भावली ती सुटा भाग निवडण्यातील काळजी. मूळ कपॅसिटर 2200 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट आणि 85 अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालणारे होते. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टांहून अधिक दाब असतो, त्यामुळे 16 व्होल्टांत फारशी सवड उरत नाही. म्हणून त्याने तेवढ्याच क्षमतेचे, परंतु 25 व्होल्ट, 105 अंशांचे आणि कमी ईएसआरचे कपॅसिटर निवडले आणि झाकण नीट बसेल ना, हे पाहण्यासाठी आधी त्यांची उंची मोजली. गळलेला द्रव तांब्याचे ट्रॅक खातो, म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कपॅसिटरवरील ऋण बाजू दाखवणारी पट्टी पडताळली आणि मगच डाग दिले (सोल्डर केले). पहिल्यांदा वीज दिली तीही मध्ये गाडीचाच एक बल्ब जोडून: बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे कोठेही शॉर्ट नव्हता.

तक्रारी दोन आहेत. दोन दिवसांचा वायदा पाच दिवसांवर गेला आणि हमी केवळ तोंडी मिळाली. पावती आग्रहाने मागून घ्यावी. मजुरीसह 650 रुपये झाले, आणि काढलेले तिन्ही कपॅसिटर त्याने न मागता कागदात बांधून माझ्या हाती दिले.