‘ॲव्हरेज किती देते?’ : फोर्ड मस्टँगच्या दोन इंजिनांसोबत चार दिवस

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की हातावर पेढा पडायच्या आधी प्रश्न येतो, “ॲव्हरेज किती देते?” डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरासमोर उभी केलेली लाल मस्टँग मी व्हिडिओ कॉलवर दाखवली, तेव्हा कोल्हापूरच्या मामांनीही बोनेट, चाके, डिकी असे सगळे निरखून झाल्यावर तेच विचारले. “रुबाब आहे रे गाडीचा. पण पेट्रोल किती पिते?” मसल कारविषयी, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अशा अमेरिकी गाडीविषयी, हा प्रश्न विचारणे अरसिकपणाचे समजले जाते. मात्र अमेरिकेचे सरकार गेली पन्नास वर्षे नेमका हाच प्रश्न विचारत आले आहे, आणि ज्या नियमाने या गाड्यांचे भवितव्य ठरते त्या ‘कॅफे’ (कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी) नियमाच्या नावातच ‘ॲव्हरेज’ हा शब्द आहे.

गाडी माझी नव्हे, चार दिवसांच्या भाड्याची. आगाऊ पैसे भरून मी आठ सिलिंडरची, म्हणजे ‘व्ही-8’ इंजिनाची, मस्टँग जीटी नोंदवली होती. प्रत्यक्षात किल्ली हातात आली ती चार सिलिंडरच्या इकोबूस्टची, आणि काउंटरवरच्या तरुणाने “दोन्ही मस्टँगच आहेत, दिसायला सारख्याच” असे सांगून माझी समजूत घातली. दोन दिवस फोनाफोनी केल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी जीटी मिळाली. मनस्ताप झाला खरा, पण त्यामुळे एकाच गाडीची दोन इंजिने पाठोपाठ चालवता आली आणि या परीक्षणाला आधार मिळाला. एरवी मी व्ही-8 चे कौतुक करून मोकळा झालो असतो.

इकोबूस्टचे इंजिन 2.3 लिटरचे आहे आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, जोरावर ते 315 अश्वशक्ती देते. 1960 च्या दशकातल्या पहिल्या मस्टँगचे सर्वांत ताकदवान व्ही-8 इंजिन त्या वेळच्या मोजणीने 271 अश्वशक्तीचे होते, हे लक्षात घेतले तर आजच्या ‘लहान’ इंजिनाला हिणवण्याचे काही कारण उरत नाही. सरकारी चाचणीनुसार ही गाडी गॅलनला शहरात 22 आणि महामार्गावर 33 मैल जाते, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे सव्वानऊ आणि चौदा किलोमीटर. आय-75 महामार्गाने मॅकिनॉ सिटीपर्यंत, साडेचारशे किलोमीटरहून थोड्या अधिक अंतराच्या प्रवासात, मला गॅलनमागे 31 मैल मिळाले. ओव्हरटेक करताना कुठे दम लागला नाही, वळणावर पुढचा भाग हलका आणि आज्ञाधारक वाटला. मागची सीट मात्र दप्तरे ठेवण्यापुरतीच आहे, आणि ते दोन्ही मस्टँगना सारखेच लागू आहे. एकूण गाडी चांगली आहे. फक्त बंद करून घरात गेल्यावर तिची आठवण येत नाही.

जीटीची गोष्ट निराळी. पाच लिटरचे हे इंजिन सुरू होताना एकदा मोठ्याने खाकरते आणि मग खालच्या पट्टीत स्थिरावते. बुलेटची धडधड एका सिलिंडरची असल्याने तिचा ठेका सरळ असतो. इथे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, रचनेमुळे दोन्ही बाजूंच्या चार-चार सिलिंडरमधले स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, आणि त्या अडखळत्या लयीतूनच अमेरिकी व्ही-8 ची ओळखीची गुरगुर जन्मते. ती गुरगुर कानाआधी सीटमधून पाठीला कळते. अश्वशक्ती 480, आणि इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाण्यास तयार. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ठरावीक वेळेपुरता आवाज दाबून ठेवण्याचीही सोय आहे. मसल कारला शेजारधर्म शिकवावा लागतो, यातच काळ किती बदलला ते दिसते.

ही गाडी मी मुद्दाम वुडवर्ड ॲव्हेन्यूवर नेली. डेट्रॉइटपासून पाँटिॲकपर्यंत जाणाऱ्या याच रस्त्यावर 1960 च्या दशकात शनिवारी रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत, आणि आजही दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. प्रत्येक सिग्नलवर थांबत, आणि हिरवा दिवा लागल्यावर मोह फारसा न आवरता, मला गॅलनमागे 14 मैल मिळाले, म्हणजे लिटरला सहा किलोमीटर. दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र सतत काटकसर करू पाहतो आणि संधी मिळताच वरचा गिअर टाकून इंजिनाला झोपवतो. सरकारी आकडा शहरात 15, महामार्गावर 24 आणि एकत्रित 18 मैलांचा आहे. मामांना मी तो अठराचाच सांगितला, साडेसात किलोमीटर.

आता कोणालाही पडेल असा प्रश्न : इतके पेट्रोल पिणारी गाडी कंपनीला विकता तरी कशी येते? कॅफेचा नियम एकेका गाडीला लागू होत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीला तो लागू होतो आणि ही सरासरी काढण्याची पद्धत फसवी आहे. समजा, 18 मैल देणारी एक जीटी विकली आणि 54 मैल देणारी एक हायब्रिड विकली. शाळेतल्या रीतीने सरासरी 36 येईल, पण कायद्याच्या रीतीने येत नाही. दोन्ही गाड्या 54-54 मैल चालवल्या तर पहिलीला तीन गॅलन लागतील, दुसरीला एक. म्हणजे 108 मैलांना चार गॅलन, आणि सरासरी अवघी 27. पेट्रोल पिणारी गाडी आकडा जितका खाली ओढते तितका तो वर खेचण्याची ताकद काटकसरी गाडीत नसते, म्हणून प्रत्येक व्ही-8 मागे कंपनीला बऱ्याच साध्या गाड्या खपवाव्या लागतात. (कायद्यासाठीच्या चाचणीतले आकडे नव्या गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या आकड्यांपेक्षा चढे असतात, पण गणित हेच.) जीटीच्या चार एक्झॉस्ट पाइपांतून निघणाऱ्या गुरगुरीचे बिल अशा रीतीने दुसरी कोणतीतरी गाडी भरत असते, आणि इकोबूस्ट मस्टँग ही त्यांपैकीच एक.

शिवाय त्या चाचणीत 22.5 मैलांच्या आत येणाऱ्या कारवर 1978 च्या कायद्याने वेगळा कर आहे, जो सर्वांत वाईट गाडीसाठी 7,700 डॉलरपर्यंत जातो. अवाढव्य एसयूव्ही आणि पिकअप ट्रक यांना मात्र तो लागू नाही. दोन दारांच्या, दोन माणसांच्या कूपेला दंड आणि तीन टनांच्या धुडाला सूट, यातला न्याय मला आजवर समजलेला नाही. जिथे सवलत मिळाली तिथे कंपन्या गेल्या : फोर्डने 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आपल्या सेडान बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या नावांपैकी मस्टँग तेवढी राखली.

नियमांनी मसल कार मरते, ही ओरड जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. 1973 च्या तेलबंदीनंतर 1975 मध्ये कायदा झाला, 1978 च्या गाड्यांना 18 मैलांची आणि 1985 पर्यंत 27.5 मैलांची अट घातली गेली. पण मस्टँगची दुसरी पिढी, 1974 ची मस्टँग टू, त्या कायद्याच्या आधीच व्ही-8 शिवाय बाजारात आली होती. धुराचे नियम, विम्याचे चढे हप्ते आणि पेट्रोलपंपावरच्या रांगा यांनी काम आधीच केले होते. पुढे इंधनाची फवारणी आणि प्रज्वलन संगणकाच्या हाती गेले आणि सगळेच उलटले : 2015 च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटमध्ये 707 अश्वशक्ती होती, जी 1970 मध्ये कोणी मागण्याचेही धाडस केले नसते. त्याच चॅलेंजरचे आणि शेवरलेच्या कॅमॅरोचे उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबले, आणि पाच लिटरच्या व्ही-8 सह मस्टँग एकटी उरली. डॉजने विजेवरची चार्जर डेटोना आणली. तिच्या आवाजासाठी खास यंत्रणा बसवली असली, तरी सुमारे 2,600 किलोंची आणि स्पीकरच्या भरवशावर गुरगुरणारी गाडी मला मसल कार वाटत नाही. तिच्याच सांगाड्यात आलेले तीन लिटरचे, दोन टर्बोंचे सहा सिलिंडर इंजिन, जे 420 किंवा 550 अश्वशक्तीत मिळते, हे त्यापेक्षा प्रामाणिक उत्तर आहे.

2024 च्या नियमाने 2031 पर्यंत सुमारे 50.4 मैलांची सरासरी मागितली होती. जुलै 2025 मध्ये अमेरिकी संसदेने हे लक्ष्य चुकवण्याचा दंडच शून्यावर आणला, आणि डिसेंबरात तेच लक्ष्य 34.5 मैलांवर आणण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. त्यामुळे व्ही-8 ला जीवदान मिळाले असे म्हणणारे घाई करत आहेत. नवे इंजिन घडवायला लागणारी वर्षे एका सरकारच्या मुदतीत मावत नाहीत, आणि आज उठलेला दंड उद्या परत येऊ शकतो हे कंपन्यांच्या हिशेबनिसांना चांगले ठाऊक असते. माझ्या मते टिकाऊ वाट व्ही-8 ला विजेची जोड देण्याची आहे. शेवरलेच्या कॉर्व्हेट ई-रे या स्पोर्ट्स कारने ती दाखवली, मात्र तिथे मोटार प्रामुख्याने वेगासाठी आहे. वुडवर्डवरच्या सिग्नलला इंजिन बंद ठेवून मोटारीवर गाडी हलवणारी मस्टँग आली, तर शहरातला 15 चा आकडा खूप सुधारेल आणि हिरव्या दिव्यानंतरची मजा जराही कमी होणार नाही.

तोवर निवड अशी : रोज कामावर जायचे असेल तर इकोबूस्ट घ्यावी. आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याने बरेच जास्त डॉलर मोजून जीटीच घ्यावी, कारण इतक्या कमी वापरात पेट्रोलचा फरक किरकोळ राहतो. भाड्याने घेणाऱ्यांनी काउंटरवरच्या गोड बोलण्याला भुलू नये. आधी बाहेर जाऊन पुढच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, 5.0 हा आकडा आहे का ते पाहावे, आणि मगच सही करावी.