क्रिस्टलडिस्कइन्फो: वर्षभराच्या वापरानंतर आणि वॉरंटीच्या वादानंतर

वॉरंटीतली हार्ड ड्राइव्ह नुकतीच बदलून मिळाली, पण त्यासाठी सर्व्हिस सेंटरमध्ये जी हुज्जत घालावी लागली तिच्यामुळेच हे सविस्तर लिहीत आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि ड्राइव्हची स्मार्ट माहिती, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. माझ्या २ टीबीच्या ड्राइव्हवर वडिलांनी ग्वाल्हेरातल्या घरगुती बैठकींच्या भरलेल्या कॅसेटींची ध्वनिमुद्रणे आहेत आणि मूळ फिती आता वाजण्याच्या अवस्थेत नाहीत.

प्रोग्राम बसवला तो ऐन मे महिन्यात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दुपारी ड्राइव्हचे तापमान ५० अंशांच्या पुढे जाई आणि प्रोग्राममधला तापमानाचा चौकोन पिवळा होई. त्या दिवसांत मला तापमानाचीच धास्ती होती. मात्र गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. उलट ड्राइव्हच्या स्वतःच्या पृष्ठभाग-तपासणीत पहिली चूक नोंदली गेल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या ड्राइव्हच्या तुलनेत, ३९ पट असते, असे त्यात दिसले. त्यानंतर मी पंखा चालू ठेवला, पण लक्ष तापमानावरून काढून, बाद झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागा मोजणाऱ्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींवर ठेवले.

आणि इथेच या प्रोग्रामचा तो दोष आडवा येतो, जो मला वर्षभर खुपत आला आहे. मूळ आकडे, म्हणजे रॉ व्हॅल्यू, तो आपणहून हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत, दाखवतो. बारा अंकांच्या रांगेत शेवटी १० दिसले तर ते दहा नसतात, सोळा असतात. १८ दिसले तर चोवीस. ड्राइव्ह किती तास चालली हे पाहायला गेलेल्या माणसाला ‘४ई२०’ असे काहीतरी दिसते आणि त्याचा अर्थ वीस हजार तास आहे हे त्याने ओळखावे, अशी अपेक्षा असते. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या वाटेने जाऊन ‘१० [डीईसी]’ निवडले की सगळे दशमानात येते. जी सोय एका क्लिकवर आहे ती सुरुवातीपासूनच का दिलेली नाही, हे मला अजिबात पटलेले नाही. ज्यांच्यासाठी हा प्रोग्राम सर्वांत उपयोगी आहे, ते लोक त्या मेनूपर्यंत पोहोचतच नाहीत.

पावसाळ्यात मात्र माझे मत बरेच सुधारले. फाइल कॉपी करताना संगणक मधेच अडकू लागला. दुकानदाराने न पाहताच नवी ड्राइव्ह सुचवली. मी सी७ ची ओळ पाहिली, तर तिथला आकडा रोज वाढत होता आणि ०५, सी५ शून्यावर होते. सी७ म्हणजे ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका. दोष बहुधा केबलचा असतो. थोडक्या पैशांत साटा केबल बदलली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. तो कमी होत नसतो, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरू नये. त्या सगळ्या काळात ड्राइव्हच्या एकूण तब्येतीबद्दलचा प्रोग्रामचा वरचा शेरा निळा ‘गुड’च होता, हेही ध्यानात घ्यावे: रंग सी७ पाहत नाही.

दिवाळीनंतर सी५ मध्ये आठ आले आणि शेरा पिवळा झाला. सी५ म्हणजे वाचता न आलेले, पण अजून बाद न ठरलेले सेक्टर (ड्राइव्हवरचे माहितीचे छोटे कप्पे). पुन्हा लिहिल्यावर ते नीट लिहिले गेले तर आकडा शून्यावर परत येतो, नाहीतर ते राखीव जागेत हलवले जातात आणि ०५ वाढतो. मी आधी सगळी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घेतली आणि मग सर्व्हिस सेंटर गाठले. तिथल्या मुलाने आपल्या यंत्रावर ड्राइव्ह लावली आणि म्हणाला, “सर, ड्राइव तो पास है.” तो खोटे बोलत नव्हता. ‘पास’ हा निकाल निर्मात्याने ठरवलेली किमान मर्यादा ओलांडली आहे की नाही एवढेच सांगतो, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की शेकडो सेक्टर गेल्यावरही ड्राइव्ह ‘पास’ राहू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र ०५, सी५, सी६ मध्ये एक आकडा दिसला तरी पिवळा होतो. एकाच ड्राइव्हवर दोन निकाल, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मर्यादेचाच निकाल धरला जात होता.

तो वाद या प्रोग्रामने सुटला नाही, कारण त्यात ड्राइव्हची स्वतःची चाचणी चालवण्याची सोयच नाही. जीस्मार्टकंट्रोल या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ती आहे आणि तोही फुकट आहे. त्यातून ड्राइव्हची सगळी जागा वाचून पाहणारी विस्तारित चाचणी लावली. काही तासांनी ती ‘रीड फेल्युअर’ (वाचता आले नाही) असा शेरा आणि पहिल्या चुकीच्या जागेचा क्रमांक देऊन थांबली. तो कागद छापून नेल्यावर पुढे प्रश्न आला नाही.

माझ्या मते पाचपैकी साडेतीन. पिवळा रंग वेळेवर दाखवला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. हेक्साडेसिमलबद्दल एक गुण आणि चाचणी नसल्याबद्दल अर्धा गुण कापला आहे. त्याच गूगलच्या अभ्यासात, तापमान सोडले तर बंद पडलेल्या ड्राइव्हपैकी ३६ टक्क्यांहून अधिक ड्राइव्हनी कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती, म्हणून दुसरी प्रत मी आता दर रविवारी घेतो. बदलून आलेल्या ड्राइव्हवर पहिली फाइल टाकण्याआधी विस्तारित चाचणी पूर्ण करून घेतली आणि सगळे आकडे, दशमानात, वहीत उतरवले.