जर्मनीचा वर्क व्हिसा: पोर्टल चांगलं, पण पदवी आणि पगार आधी तपासा

जर्मन परराष्ट्र खात्याचं कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या नॅशनल, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसांसाठी खुलं झालं. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. पूर्वी फाइलमधली उणीव भेटीच्या दिवशीच कळायची. आता कागद आधी अपलोड करायचे, ते तपासून राहिलेले मागवले जातात आणि मग भेटीला बोलावलं जातं. या एका सोयीसाठी पोर्टलला पैकीच्या पैकी. मूळ कागद, बोटांचे ठसे आणि ७५ युरोची फी यासाठी प्रत्यक्ष जावं लागतंच. फॉर्म इंग्रजीत भरता येतो, त्यामुळे निव्वळ तो भरायला एजंटला हजारो रुपये मोजण्यात अर्थ नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक पदवीवर. आनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाव शोधत बसू नका. पदवी विद्यापीठ देतं, म्हणून विद्यापीठ शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तेव्हा जुनं प्रमाणपत्र असेल तर दोन्ही नावांनी बघा. संस्थेपुढे 'एच प्लस' (मान्यताप्राप्त) हवं आणि पदवीपुढे 'एंटश्प्रिख्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिग' (समकक्ष) हवं. दोन्ही पानांची प्रिंट जोडायची. पदवी सापडली नाही किंवा 'एच प्लस-मायनस' दिसलं, तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून तुलना-प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा. ऑफर हातात येण्याची वाट न बघता हे काम उरकावं.

दुसरी ठेच पगाराची. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना; २०२६ साठी त्याची किमान पगाराची मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. आयटी, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत आणि नव्या पदवीधरांना ४५,९३४.२० युरो चालतात, पण मग जर्मन सरकारी रोजगार संस्थेची मंजुरी लागते. मोजला जातो तो हमीचा, करकपातीआधीचा पगार. ऑफर ५२,००० ची, त्यातले ४,००० कामगिरीवर अवलंबून असतील तर हिशेबात ४८,००० च येतात. टंचाईच्या यादीबाहेरच्या नोकरीला, तुम्ही नवे पदवीधर नसाल तर, ते पुरत नाहीत. सही करण्याआधीच कंपनीशी बोलून रक्कम मूळ पगारात वळवून घ्या. कंपनीने भरायच्या नोकरीच्या घोषणापत्रात पद, तास, पगार अन् रजा करारातल्यासारख्याच हव्यात. तिथली तफावत हमखास पत्रव्यवहार वाढवते. नावाचंही तसंच. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव; करारात मात्र पासपोर्टवरचंच नाव घालायला सांगा.

व्हिसा मिळाला म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला असं नाही. तिकडे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं, आणि अल्प मुदतीच्या भाड्याच्या खोल्यांत ते अनेकदा मिळत नाही. खोली ठरवतानाच हा प्रश्न विचारा, भाड्याचा नंतर.

मग परदेशी नागरिक कार्यालयात परवान्याचा अर्ज. खरी कसोटी इथे: प्रत्येक शहराची पद्धत वेगळी, मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळणं कठीण. पोर्टलइतकी शिस्त इथे अपेक्षूच नका. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज पोचला पाहिजे आणि त्याची पोच जपून ठेवा. निर्णय लांबला तर फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग हा तात्पुरता कागद मागून घ्या. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या पोटकलम ४ ची नोंद असेल तर भारतात येऊन परत जाता येतं. पोटकलम ३ असेल तर त्या कागदावर परत शिरता येत नाही. गणपतीचं तिकीट काढण्याआधी तो आकडा वाचा.

परवान्याच्या कार्डाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. वर्षभरात पासपोर्ट संपणार असेल तर नूतनीकरण इथूनच करून निघा. आणि लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव लावा. ते नसेल तर कार्यालयाची पत्रं आली तशी परत जातात.