गरम गाडीतले बुडबुडे दाखवून घेतलेले 13,800 रुपये

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांची 1998 ची मारुती 800. कार्बोरेटरवाली, नीट सांभाळलेली. उन्हाळा लागताच राजवाड्याच्या गर्दीत तिचा तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. बायपासवर मात्र तासभर चालवली तरी काटा निम्म्यावरच. जवळच्या एका गॅरेजवाल्यानं गरम इंजिनावरच फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं, आत उसळणारे बुडबुडे दाखवले आणि सांगितलं, "बाबूजी, हेड गॅस्केट गया." म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पट्टी फुटली. तीन दिवस गाडी ठेवून घेतली. गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), वॉल्व्ह ग्राइंडिंग, कूलंट आणि मजुरी धरून 13,800 रुपये झाले. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर फक्त रक्कम.

गॅस्केट शाबूत होतं. बिघाड होता फॅनच्या थर्मोस्विचमध्ये, म्हणजे पाणी तापलं की फॅन सुरू करणाऱ्या स्विचमध्ये, आणि गाडीनं तो आधीच सांगितला होता. गाडी उभी असताना रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त फॅनचा. पळताना समोरून आपोआप लागतो. म्हणून गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर थंड राहणारी गाडी आली की आधी फॅन बघायचा. उलट भेरूघाट चढताना किंवा वेगात तापत असेल तर पाण्याच्या फिरण्यात अडथळा असतो: क्षारांनी चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप), आतली पाती झिजलेला वॉटर पंप, नाहीतर आत खेचला जाणारा खालचा होज (रबरी नळी). वर्षानुवर्षं बोअरिंगचं जड पाणी भरलेल्या गाड्यांत रेडिएटर चोंदलेला हमखास सापडतो.

आता ते बुडबुडे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण 0.9 बारचा दाब धरून ठेवतं तोवर तेच पाणी 118 अंशांपर्यंत उकळत नाही. इंजिन 105 अंशांवर असताना झाकण उघडलं की दाब जातो आणि पाणी त्याच क्षणी उसळतं. कोणतीही धडधाकट गाडी तापवून असे बुडबुडे दाखवता येतात. शिवाय त्या वाफेनं तोंड-हात भाजतात, तो धोका वेगळाच. नवं कूलंट भरल्यावर अडकलेली हवा निघताना दिसणारे बुडबुडेही गॅस्केटचे नसतात.

खरी तपासणी थंड इंजिनावर होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी झाकण काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि मग चालू करा. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही, इंजिन कोमट व्हायच्या आत, बुडबुड्यांची अखंड माळ येत राहिली आणि रेस दिल्यावर ती वाढली तर गॅस्केटवर संशय घ्यावा. थंड गाडी झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होणं ही दुसरी खूण. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाणं ही तिसरी. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून चाचणी घेतात. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजताना, शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑइलच्या झाकणाखालची मलईसारखी साय हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. थंडी-पावसात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानंही धरते, त्यामुळे डिपस्टिकवरचं ऑइल बघितल्याशिवाय मानू नका.

फॅनची तपासणी पाच मिनिटांची. फ्यूज बघा. चावी ऑन करा, थर्मोस्विचचा दोन वायरींचा कनेक्टर काढून त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा. फॅन फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, स्विच बाद. नाही फिरला तर मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत हे काम सेन्सर आणि रिले करतात, तिथं अशी जोडाजोड करू नका.

या गाडीतली लबाडी उघडी पडली तीही फॅनमुळेच. "दुरुस्ती"नंतर थंड इंजिनावर नुसती चावी फिरवली तरी फॅन सुरू व्हायचा. बॉनेट उघडल्यावर दिसलं, इग्निशनवरून एक नवी वायर थेट मोटरला नेली होती, मध्ये फ्यूजही नाही. अशी वायर कुठे घासली गेली तर आग लागते. गाडी गरम होईनाशी झाली ती या वायरमुळे, आणि पैसे घेतले गॅस्केटचे. हेड उतरवायचं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट तरी सोडावे लागतात, नाहीतर त्याला जोडलेल्या सायलेन्सर पाइपचे. दोन्हीकडचा जुना गंज जसाच्या तसा होता, पान्याची एक खूण नव्हती. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरची काळी मळीसुद्धा अखंड.

म्हणून हेड उघडायला होकार देण्याआधी सांगून ठेवा: जुनं गॅस्केट परत हवं, आणि फेसिंगआधी हेड किती वाकलंय ते समोर मोजायचं. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), एवढंच लागतं. मारुती 800 च्या हेडला 0.05 मिमीपर्यंत चालतं, त्याच्या आत असेल तर फेसिंगची गरज नाही. खरंच फुटलेल्या गॅस्केटवर बहुतेक वेळा सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत किंवा शेजारच्या सिलिंडरपर्यंत जळकी रेघ दिसते. "थर्मोस्टॅट काढून टाकतो, मग गरम होणार नाही" असं म्हणणाऱ्यालाही नकार द्या. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

इथं थर्मोस्विच बदलला, ती वायर काढून फ्यूजची जुनी जोडणी परत केली, गाडी ठीक झाली. पैसे मात्र अडकले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सल्ला मिळतो, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पण सुट्या भागांची नावं, गाडीचा नंबर आणि गॅरेजचा शिक्का नसलेल्या चिठ्ठीवर काय काम केलं, हे सिद्ध करणं अवघड जातं. सांध्यावरच्या मळीचे आणि गंजलेल्या नटांचे फोटो मात्र तारखेसह काढून ठेवलेत, दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अभिप्राय सोबत जोडलाय, आणि अर्ज त्यावरच करायचं ठरलंय.